नळी, टाका आणि कोंडलेली आग : रॉकेटच्या इतिहासाबद्दल

सांधेजोड

३१ वर्षं मी आधी वेल्डिंग केलं आणि मग इतरांचं वेल्डिंग तपासलं. त्यातली बारा-तेरा वर्षं एकाच कामात गेली: घन इंधनाच्या रॉकेटची पोलादी नळकांडी. कारखान्याचं नाव लिहीत नाही. या चर्चामंचावर उड्डाणाच्या दिवशी रॉकेटवर धागे निघतात, उपग्रहावर, कक्षेवर, खर्चावर भरपूर चर्चा होते, पण नळीबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते रॉकेटचा सगळा इतिहास हा आग कोंडून धरण्याचा इतिहास आहे. दारू माणसाला फार आधी सापडली. ती ज्यात भरायची ते भांडं जमायला कित्येक शतकं गेली. ते सांगायला हा धागा काढतोय.

तेराव्या शतकात चीनमध्ये अग्निबाण होते. नळी कागदाची किंवा बांबूची. दारू पेटली की वायू होतो, तो मागच्या भोकातून सुटतो आणि नळी पुढे पळते. आत दाब जेवढा जास्त, तेवढी दारू भराभर जळते आणि वायू जोरात सुटतो. पण कागदाच्या नळीत दाब वाढवायला गेलं की नळीच फाटते. तिथे ही विद्या बराच काळ अडकून राहिली.

तो अडसर आपल्याकडे सुटला, म्हैसूरच्या फौजेत. हैदर अली आणि टिपूच्या कारागिरांनी नळी लोखंडाची केली. ठोकून वळवलेला लोखंडी पत्रा, एक तोंड बंद, दुसऱ्या तोंडाला भोक, आणि चामड्याच्या वादीने बांधलेला लांब बांबू. बांबू म्हणजे शेपूट, त्यामुळे बाण सरळ जातो. लोखंडामुळे दाब धरता आला आणि पल्ला हजार यार्डांच्या घरात गेला. १७८० साली पोल्लिलूरला कर्नल बेलीच्या तुकडीचा धुव्वा उडाला, तेव्हा इंग्रजांचे दारूगोळ्याचे गाडे पेटले ते या बाणांनीच, असं मानतात. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर नमुने इंग्लंडमधल्या वूलविच शस्त्रागारात गेले, विल्यम काँग्रीव्हने त्यावर काम सुरू केलं आणि १८०७ साली इंग्रजांनी त्याची रॉकेटं कोपनहेगनवर डागली.

२०१८ साली शिमोगा जिल्ह्यातल्या नगर या गावी एका कोरड्या विहिरीतून असे हजाराहून जास्त बाण निघाले. बातमीतले फोटो मी मोठे करकरून पाहिले. गंजलेले, चिखलाने माखलेले, पण नळीचा आकार शाबूत. मी त्यात जोड शोधत होतो. पत्रा वळवल्यावर कडेवर कड कशी बसवली असेल, हे मला पाहायचं होतं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी ऐरणीपाशी बसून माझंच काम करत होता, एवढंच मनात येत होतं.

आता कोणी म्हणेल, नळी जाड करा, फुटणार नाही. अडचण वजनाची आहे. रशियातल्या कालुगा गावचे एक शाळामास्तर, लहानपणापासून कानांनी जवळजवळ बहिरे, कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की. त्यांनी १९०३ साली रॉकेटचं सूत्र छापलं. त्याचा अर्थ एका उदाहरणात सांगतो. वायू सेकंदाला ३ किमी वेगाने सुटतोय असं धरा. कक्षेत जायला हवेचा आणि गुरुत्वाचा खर्च पकडून सेकंदाला साधारण ९.४ किमी लागतात. मग तळावर उभ्या केलेल्या दर १०० किलोंत ९५-९६ किलो नुसतं इंधन हवं. उरलेल्या चार-साडेचार किलोंत नळी, नोझल (वायू सुटायचं मागचं तोंड), वायरी, यंत्रं आणि उपग्रह. म्हणून रॉकेटचे टप्पे करतात, रिकामी नळी वाटेत टाकून देतात. तरीसुद्धा आपलं एसएलव्ही-३ तळावर १७ टनांचं होतं आणि त्याने १८ जुलै १९८० रोजी कक्षेत सोडलेला रोहिणी उपग्रह ३५ किलोंचा. नळी एक किलोने जड झाली की शेवटच्या टप्प्यात तेवढा उपग्रह कमी. म्हणजे नळी पातळ हवी आणि फुटायलाही नको. आमचं सगळं आयुष्य या दोन अटींच्या मधे गेलं.

आपल्याकडची सुरुवात केरळातल्या थुंब्याची. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकन, नाइके-अपाची. आपलं स्वतःचं पहिलं, आरएच-७५, २० नोव्हेंबर १९६७ ला. ७५ म्हणजे नळीचा व्यास, ७५ मिलिमीटर. मनगटापेक्षा थोडी जाड. त्याच वर्षी विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून वसंत गोवारीकर थुंब्याला आले. पुण्यात जन्मलेले, कोल्हापुरात शिकलेले, बर्मिंगहॅमहून डॉक्टरेट घेतलेले. बहुतेकांना ते मान्सूनच्या अंदाजासाठी आठवतात. माझ्यासाठी ते घन इंधनाचे गोवारीकर आहेत.

घन इंधन म्हणजे दारूची पूड नव्हे. हाताला ते खोडरबरासारखं लागतं. अमोनियम परक्लोरेटचे कण ऑक्सिजन देतात, ॲल्युमिनियमची भुकटी उष्णता देते आणि हे सगळं धरून ठेवतो एक रबरासारखा पदार्थ, एचटीपीबी. इस्रोने एरंडेल तेलापासून बनवलेला बाइंडरही वापरला आहे. हे मिश्रण घट्ट पिठल्यासारखं असताना नळीत ओततात, मधे साचा ठेवतात आणि मग ते मंद उष्णतेवर आळतं. साचा काढला की मधे आरपार पोकळी राहते. आग त्या पोकळीत लागते आणि आतून बाहेर, नळीच्या दिशेने सरकत येते. म्हणजे शेवटपर्यंत इंधनच नळीला आगीपासून वाचवतं. फार सुंदर योजना आहे ही. पण त्या इंधनात एक चीर पडली, किंवा ते नळीपासून थोडं सुटलं, की जळायला जादा पृष्ठभाग मिळतो, दाब क्षणात चढतो आणि नळी फुटते. गोवारीकर आणि त्यांच्या मंडळींनी जे साधलं ते हे: टनांनी ओतलेलं इंधन, आणि चीर नाही.

आता माझा भाग. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर, आत सुमारे १३९ टन इंधन, पाच तुकडे एकमेकांवर बसवलेले. भिंत एक सेंटिमीटरपेक्षाही पातळ. आत वातावरणाच्या पन्नासपटीहून जास्त दाब आणि ३००० अंशांची आग. हे धरतं ते मारेजिंग पोलाद. त्यात १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम, थोडं टायटॅनियम, आणि कार्बन जवळजवळ नाहीच. साधं कडक पोलाद वेल्ड केलं की टाक्याच्या, म्हणजे वेल्डच्या जोडाच्या, शेजारी ठिसूळ होतं. मारेजिंगचं तसं नाही. ते मऊ असताना लेथवर घ्या, वेल्ड करा, आणि मग अख्खी नळी ४८० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवा. बाहेर येतं ते बांधकामाच्या पोलादाच्या सहा-सातपट ताकदीचं.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. तेव्हा मी टिगवर होतो, म्हणजे टंगस्टनच्या टोकातून ज्योत काढून करायच्या वेल्डिंगवर. गोल टाका चालू होता, नळी रोलरवर सावकाश फिरत होती. क्षणभर हात खाली गेला आणि टंगस्टनचं टोक वितळलेल्या धातूला लागलं. ज्योत जराशी तडतडली, पुन्हा स्थिर झाली. वरून टाका आरशासारखा. मी लगेच सांगितलं नाही, पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी एक्स-रेची फिल्म लाइटवर लावली तर राखाडी पट्ट्यात एक पांढरा ठिपका. ब्लोहोल, म्हणजे अडकलेल्या वायूचा बुडबुडा, काळं दिसतं, टंगस्टन पांढरं, कारण ते किरणांना अडवतं. ठिपका सुईच्या टोकाएवढा. आमचे इन्स्पेक्टर मला घेऊन फिल्मपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "नळीला हा ठिपका केवढा वाटेल, ते तू ठरवायचं नाहीस." ग्राइंड करून उकरलं, पुन्हा भरलं, पुन्हा एक्स-रे. तीन दिवस गेले. त्यानंतर ज्योत तडतडली की मी हात वर करायचो, कोणी विचारायची वाट पाहिली नाही.

तुम्हाला माहीत असेल ते लिहा. माझं काही चुकलं असेल तर तेही.

---

कृष्णाकाठ

काका, अप्रतिम. "बाण" या शब्दाबद्दल थोडी भर. जुन्या मराठी कागदांत लढाईच्या वर्णनात तोफा, जेजाला (मोठ्या बंदुका) यांच्याबरोबर बाण येतात, आणि वाचणारे बरेचदा ते धनुष्याचे बाण समजतात. मीही शाळेत तसंच समजत होतो. तिथे बाण म्हणजे रॉकेट. पानिपतावर नजीबखानाच्या रोहिल्यांनी बाणांचा मारा केला, तोही रॉकेटचाच.

दुसरं, तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने होते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७९०-९१ मध्ये धारवाडला वेढा घातला होता. म्हणजे या लोखंडी बाणांशी आमच्या मिरज-तासगावकडच्या माणसांची गाठ समोरासमोर पडली असणार. १७९९ च्या एप्रिलमध्ये सुलतानपेटच्या झाडीत रात्रीच्या वेळी आर्थर वेलस्लीची तुकडी या माऱ्यात गोंधळून मागे फिरली. पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच.

एक शंका. लोखंड सगळ्यांकडेच होतं. मग म्हैसूरनेच नळी लोखंडाची का केली?

सांधेजोड

कृष्णाकाठ, त्या भागात लोखंड गाळायची परंपरा फार जुनी, आणि मऊ, ठोकल्यावर न तडकणारं लोखंड मिळत होतं. नळीला कडक लोखंड चालत नाही, ते दाबाखाली ताणलं न जाता थेट तडकतं. पण मला वाटतं खरं कारण संख्या आहे. म्हैसूरच्या फौजेत बाणवाल्यांच्या स्वतंत्र तुकड्या होत्या. हजारांनी बाण लागायला लागले की नळी एकसारखी करावी लागते, आणि एकसारखेपणा आला की काय फुटतं, काय टिकतं हे कळायला लागतं. एक बाण बनवणारा कारागीर कधीच शिकत नाही, हजार बनवणारा शिकतो. हे माझं कारखान्यातून आलेलं मत आहे, इतिहासकाराचं नाही.

---

अवनी_त

खूप सोपं करून सांगितलंत. माझा एक अगदी प्राथमिक प्रश्न. अवकाशात हवाच नाही, मग रॉकेट ढकलतं कशाला? मुलीने विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही.

गणितवेडी

अवनी, हा प्रश्न प्राथमिक आहे म्हणून संकोचू नकोस. १९२० च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात अमेरिकन रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांच्यावर नेमकी हीच टीका केली होती, की निर्वातात ढकलायला काही नसतं हे शाळकरी पोरालाही कळतं, या प्राध्यापकाला कळत नाही. त्या वृत्तपत्राने चूक कबूल केली ती १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना. गोडार्ड तोवर जाऊन २४ वर्षं झाली होती.

मुलीला असं सांग. तू चाकाच्या खुर्चीवर बसून हातातली जड पिशवी जोरात पुढे फेकलीस तर खुर्ची मागे सरकते. पिशवी भिंतीला लागायची गरज नाही. फेकतानाच तुला धक्का बसतो. रॉकेट वायू फेकतं आणि त्या फेकण्याचाच धक्का खातं. हवा नसेल तर उलट बरंच, अडवणारं कोणी नाही. गोडार्डने हे बंद नळकांड्यातली हवा उपसून प्रत्यक्ष मोजून दाखवलं होतं.

त्याचं दुसरं काम सांधेजोड काकांच्या विषयाला धरून आहे. साध्या दारूच्या रॉकेटमध्ये जेमतेम २ टक्के ऊर्जा वेगात उतरते, असं त्याला आढळलं. मागे भोकाऐवजी त्याने द लाव्हाल नोझल लावलं, म्हणजे आधी निमुळतं होत जाणारं आणि मग पसरणारं तोंड. त्याने हाच आकडा ६० च्या पुढे गेला. दारूही त्याने बिनधुराची घेतली आणि नळी पोलादाची, पण मोठा फरक पडला तो तोंडाच्या आकाराने.

अवनी_त

पिशवीचा प्रयोग केला. पाच किलो तांदळाची पिशवी, ऑफिसची खुर्ची. मुलगी वीतभर मागे गेली आणि आता घरातली प्रत्येक वस्तू फेकून पाहायची आहे. मनापासून आभार!

---

हंट्सव्हिलकर

धागा वाचून राहवलं नाही. मी अलाबामात हंट्सव्हिलला १४ वर्षं आहे. काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून मतभेद नोंदवतो. नळीचा इतिहास हा अर्धा इतिहास आहे. दुसरा अर्धा नळीतून सुटका करून घेण्याचा.

घन इंधनात अख्खी नळीच भट्टी असते, म्हणून सगळ्या नळीला दाब सोसावा लागतो. द्रव इंधनाने ही अटच काढून टाकली. टाक्या वेगळ्या, पातळ पत्र्याच्या, आत थोडासा दाब. जळण्याची कोठी वेगळी, छोटी. खरा दाब फक्त तिथे. गोडार्डने १६ मार्च १९२६ ला मॅसॅच्युसेट्समध्ये ऑबर्न गावच्या शेतातून पहिलं द्रव इंधनाचं रॉकेट उडवलं, पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजनवर. अडीच सेकंद, ४१ फूट उंची. एवढंच. पण दिशा मिळाली.

आता अडचण अशी, की पातळ टाकीतलं इंधन दाबाच्या कोठीत घालायचं कसं? पंपाने. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या व्ही-२ रॉकेटमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडपासून केलेल्या वाफेवर टर्बाइन फिरायचं आणि ते पंप चालवायचं. कोठी वितळू नये म्हणून जळणारं अल्कोहोल आधी तिच्या भिंतीभोवती फिरवायचं, मग आत सोडायचं. जे जळणार तेच थंडही करणार. ३ ऑक्टोबर १९४२ ला जर्मनीतल्या पेनेम्युंडेहून सुटलेलं व्ही-२ ८० किमीच्या वर गेलं. त्यानंतर १५ वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९५७ ला, सोव्हिएत अभियंता कोरोल्योव्हच्या आर-७ रॉकेटने स्पुटनिक हा पहिला उपग्रह कक्षेत नेला.

इथल्या संग्रहालयात सॅटर्न-५, माणसाला चंद्रावर नेणारं रॉकेट, आडवं ठेवलंय. ११० मीटर. त्याच्या शेपटाशी पाच एफ-१ इंजिनं. प्रत्येक इंजिन सेकंदाला अडीच टनांहून जास्त इंधन खायचं आणि एकट्या पंपाची ताकद ५५,००० अश्वशक्ती. आई इकडे आली होती तेव्हा तिला घेऊन गेलो होतो. नोझलच्या आत डोकावून ती म्हणाली, "अरे, ही तर आपली वाड्यातली खोली."

१९६२ साली एफ-१ चाचणीत फुटायला लागलं. कोठीत आग एकसारखी न जळता लाटेसारखी हेलकावे खायची, त्या लाटा सेकंदात शेकडो वेळा भिंतीवर आदळायच्या आणि इंजिनाच्या चिंध्या व्हायच्या. गणित सुटेना. मग त्यांनी चालू इंजिनात मुद्दाम छोटे बॉम्ब फोडले! स्फोटाने हेलकावा उठवायचा आणि तो किती वेळात शमतो ते मोजायचं. इंधन शिंपडणाऱ्या तबकडीवर तांब्याचे उभे पडदे लावून पाहिले, भोकांचे कोन बदलून पाहिले, पूर्ण आकाराच्या इंजिनावर सुमारे २००० चाचण्या केल्या. शेवटी हेलकावा एक दशांश सेकंदाच्या आत विझायला लागला. हे का जमलं याचं पूर्ण गणित तेव्हा कोणाकडे नव्हतं. करून करून जमवलं. तर काका, आग नुसती कोंडायची नसते, तिला वळणही लावायचं असतं.

सांधेजोड

हंट्सव्हिलकर, मान्य. "आग कोंडणे" यात "आगीला वळण लावणे" मी धरलं नव्हतं, ते धरायला हवं होतं. पंपाचा मुद्दाही बरोबर.

पण तुमच्या एफ-१ च्या कोठीची भिंत कशाची होती ते आठवा. शेकडो बारीक नळ्या एकमेकींना चिकटवून उभी केलेली भिंत, आणि त्या नळ्यांतून इंधन वाहतंय. ती चिकटवणी म्हणजे ब्रेझिंग, आमचं झाळकाम. भट्टीत एका वेळी अख्खी कोठी झाळायची आणि कुठेही गळती नको. ज्यांनी ते केलं त्यांचे हात पाहायला मला आवडलं असतं.

---

शेंदूरवाट

व्ही-२ चा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट लिहिते, ती सुटू नये असं वाटतं. ही रॉकेटं हार्त्स डोंगरातल्या बोगद्यांत बनवली गेली आणि बनवणारे मिटेलबाउ-डोरा छळछावणीतले कैदी होते. सुमारे ६०,००० माणसं त्या छावणीतून गेली, त्यातली २०,००० च्या आसपास मेली. व्ही-२ पडून जेवढे मेले त्याहून जास्त ते बनवताना मेले. धागा हातांबद्दल आहे, कारागिरांबद्दल आहे, तर हे हातही त्यात यायला हवेत. पेनेम्युंडेच्या गटाचा प्रमुख व्हेर्नर फॉन ब्राउन पुढे हंट्सव्हिललाच आला आणि सॅटर्न-५ त्याच्याच नेतृत्वाखाली झालं. मला दोन्ही गोष्टी एका दमात म्हणाव्याशा वाटतात.

हंट्सव्हिलकर

शेंदूरवाट, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी ते लिहायला हवं होतं.

सांधेजोड

आभार ताई. मला आकडा एवढा मोठा असेल याची कल्पना नव्हती. आज संध्याकाळभर तेच डोक्यात आहे.

---

विक्रोळी_पूर्व

विक्रोळीतल्या गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिन तयार होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? द्रव इंधनाचं इंजिन, मूळ फ्रान्सच्या वायकिंगवरून. १९७४ च्या करारानुसार आपले अभियंते तिकडे जाऊन काम करत शिकले. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा यावरच चालतो. आणि इंदापूरजवळचं वालचंदनगर, साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारं गाव, तिथे घन टप्प्याची नळकांडी होतात. मी लहानपणी रोज लोकलमधून ती विक्रोळीची हिरवी भिंत पाहिली आणि आत काय चालतं ते कळायला वयाची तिशी उजाडली.

क्रायोजेनिकबद्दल, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाबद्दल, कोणी लिहील का? नळीच्या अंगाने?

गणितवेडी

थोडक्यात लिहिते. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंश, द्रव ऑक्सिजन उणे १८३. फायदा हा, की यातून सुटणारा वायू नेहमीच्या वापरातल्या इतर रासायनिक इंधनांपेक्षा बराच वेगाने सुटतो, आणि त्सिओल्कोव्स्कीच्या सूत्रात वेग हाच सगळ्यात मोलाचा. रशियाकडून तंत्रज्ञान घ्यायचं १९९१ मध्ये ठरलं होतं, अमेरिकेच्या दबावामुळे १९९३ मध्ये फक्त तयार टप्पे मिळाले. स्वतःचा टप्पा १५ एप्रिल २०१० ला पहिल्यांदा उडाला आणि हायड्रोजनचा बूस्टर पंप बंद पडल्याने अपयशी ठरला. ५ जानेवारी २०१४ ला जमलं. दोन दशकं.

नळीच्या अंगाने काकाच सांगतील.

सांधेजोड

मी क्रायोवर काम केलेलं नाही, म्हणून जपून लिहितो. धातू थंड झाला की आकसतो. पाइपाचं एक टोक उणे २५३ ला आणि दुसरं तळाच्या उन्हात, तर मधला प्रत्येक जोड ओढला जातो. शिवाय हायड्रोजनचा रेणू अगदी लहान. पाणी, तेल, हवा जिथून गळणार नाही तिथून तो गळतो. टाका हायड्रोजनला घट्ट हवा म्हणजे काय, ते वेल्डरला सांगितलं तर तो आधी एक ग्लास पाणी मागेल.

पण जोडांचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेचं अवकाशयान चॅलेंजर. २८ जानेवारी १९८६. त्याचे बूस्टर आमच्यासारखेच, तुकड्यांचे. तुकडे एकमेकांत खाचेत बसतात, पिना मारतात आणि आत रबराच्या दोन रिंगा, ओ-रिंग. आत दाब चढला की नळी किंचित फुगते. जोडापाशी पोलाद दुप्पट जाड, तिथे ती कमी फुगते. त्यामुळे जोड जरासा पिळतो आणि फट केसाएवढी उघडते. रबराने त्या क्षणी फुगून ती फट भरायची. आदल्या रात्री फ्लोरिडात पाणी गोठलं होतं, उड्डाणाच्या वेळी तापमान २ अंशांच्या आसपास. गार रबर आळशी होतं. फट आधी उघडली, रबर नंतर हललं. ७३ सेकंदांनी यानाचे तुकडे झाले आणि सात माणसं गेली. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितलं होतं, एवढ्या थंडीत उडवू नका. त्यांचं ऐकलं नाही. नंतर जोड नव्याने आखला: पिळूच नये म्हणून एक जादा ओठ, तिसरी रिंग, आणि जोड गरम ठेवायला हीटर.

आम्हाला हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. शिकवणाऱ्याने टेबलावर रिंगेचा एक तुकडा ठेवला, चिमट्याने दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि मग चिमटा काढला. रबर दबलेलंच राहिलं, सावकाश, फार सावकाश वर आलं. वर्गात कोणी बोललं नाही. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमननी चॅलेंजरच्या चौकशीच्या वेळी सगळ्यांसमोर हेच करून दाखवलं होतं.

---

अवनी_त

काका, पुन्हा मीच. यंदा दिवाळीत आमचा एक बाण बाटलीतून वर न जाता तिथेच फुटला. मुलीने त्याची नळी जपून ठेवली आहे, आणि नीट गेलेल्या एकाचीही, गच्चीवर सापडली म्हणून. धागा वाचून दोन्ही बाहेर काढल्या. यातून काही कळतं का?

सांधेजोड

कळतं, खूप कळतं. तीन गोष्टी पाहा. खालच्या तोंडाशी मातीचं बूच आहे का, आणि त्याचं भोक गोल आहे की चिरलेलं. पुठ्ठा कुठे फाटलाय, मधे की जोडावर. आणि आतल्या बाजूला जळाल्याचा डाग सगळीकडे सारखा आहे का.

अवनी_त

मुलीने भिंग घेऊन पाहिलं, मी लिहून घेतलं. नीट गेलेली: बूच जागेवर, भोक गोल, आत सगळीकडे सारखं काळं. फुटलेली: बूच जागेवर, भोक गोल. पुठ्ठा उभा फाटलाय, बरोबर जिथे कागदाची कड चिकटवली आहे तिथे. आत एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला तपकिरी, कागद दिसतोय.

सांधेजोड

लेकीला शाबासकी द्या, तिने इन्स्पेक्टरचं काम केलं.

भोक गोल आहे, म्हणजे वायूची वाट तुंबली नव्हती. तपकिरी बाजूला दारू कागदापासून सुटलेली असावी. थोडी दमट झाली असेल, वाळताना आकसली असेल, किंवा ठासताना सैल राहिली असेल. मधे फट राहिली. आग पेटल्यावर ती त्या फटीतून बाजूने खाली उतरली, एका तोंडाऐवजी अख्ख्या कडेने दारू जळायला लागली आणि दाब एकदम चढला. तेवढा वायू त्या भोकातून जाऊ शकला नाही. मग नळी तिच्या सगळ्यात कच्च्या जागी उघडली, ती जागा म्हणजे चिकटवलेली कड.

इंधन भिंतीपासून सुटू नये म्हणून मोठ्या नळीत आतून एक थर देतात, त्याला लायनर म्हणतात. तो नळीलाही धरतो आणि इंधनालाही. इंधन ओतून आळल्यावर पुन्हा अख्ख्या तुकड्याचा एक्स-रे काढतात, आणि त्यात पहिल्यांदा पाहतात ते हेच, की भिंतीपाशी कुठे फट दिसते का. फुटलेली नळी टाकू नका. तिच्या उभ्या चिरेचा एक फोटो काढून इथे टाकाल का? कडेवर कड किती रुंद चिकटवली आहे ते मला बघायचंय.